अकरा नंबरची हरकत

रत्ना, तुझ्या दारावरची पाटी सध्या माझ्या जेवणाच्या टेबलावर आहे. चोरलेली नाही. तुझ्या भाच्याने स्वतः हुकावरून काढून माझ्या हातात दिली. रविवारी सोसायटीची मीटिंग आहे, तिथे लागेल, असं मी त्याला सांगितलं. त्याला काही उमजलं नाही, पण त्याने मानेनेच हो म्हटलं. तुमच्या घरातलं कुणी माझ्याशी वाद घालत नाही. घालणारी एकच होती. मीटिंग होऊन चार दिवस झाले, तरी पाटी परत लावायला माझा हात काही धजत नाही.

वर्तमानपत्रात तुझ्यावर छापून आलंय, फोटोसकट. त्यात तू ‘कणखर’ आहेस. आंतरराष्ट्रीय हवामान करारांच्या वाटाघाटींत देशाची बाजू कणखरपणे मांडणाऱ्या अधिकारी, असं लिहिलंय. मी वाचता वाचता हसले आणि चहा साडीवर सांडला. अगं, भाजीवाल्याने किडकी वांगी पिशवीत टाकली तरी ‘असू दे, त्यालाही ती कुणाला तरी द्यायलाच हवीत’ म्हणणारी तू. मग मी पुढे होऊन ती वांगी एकेक परत काढायची आणि तू शरमेने पलीकडच्या दुकानातल्या बादल्या बघत उभी राहायचीस. जगभरच्या देशांशी भांडून आलेल्या बाईला मुलुंड मार्केटातला एक भाजीवाला झेपत नव्हता, हे त्या बातमीत नाही. त्यांनी मला विचारायला हवं होतं.

आपली ओळख वाकोल्याच्या चाळीतली, आणि तीही नळावरची. माझे वडील मालवणकडून येऊन गिरणीत लागलेले. तुझी आई साताऱ्याकडच्या एका दुष्काळी गावातून लग्न होऊन आलेली, आणि पाण्याच्या बाबतीत तिच्याइतकं गंभीर माणूस मी आजवर पाहिलेलं नाही. नळ तासभर यायचा. पहिल्या खोल्यांतली माणसं आधी उठून आपली पिंपं काठोकाठ भरून घ्यायची, आणि धार बारीक झाली की तीच माणसं मागच्यांना उपदेश करायची, की पाणी जरा जपून वापरावं. तुझी आई आवाज न चढवता म्हणायची, “जपतो की. पण आधी तुमच्या पिंपाचं झाकण काढून दाखवा.”

पुढे तू दिल्लीला गेलीस, मोठी अधिकारी झालीस, परिषदांना जायला लागलीस. तू नेमकं काय करतेस असं मी एकदा विचारलं, तेव्हा तू म्हणालीस की आईचंच काम करते, फक्त सूट घालून आणि कानाला भाषांतराचा हेडफोन लावून. श्रीमंत देशांनी आधी उठून पिंपं भरली, धूर करून कारखाने चालवले, घरं बांधली. आता धार बारीक झाली तर ते आपल्याला म्हणतात, अर्धी बादली घ्या. तिथे मी झाकण काढून दाखवा म्हणते, असं तू सांगितलंस. इतकी साधी गोष्ट होती तर तुला बत्तीस वर्षं का लागली, हा माझा प्रश्न तेव्हाही होता आणि आजही आहे.

आईचा स्टीलचा डबा तू प्रत्येक परिषदेला नेलास. चिवडा मात्र माझ्याकडून करून घ्यायचीस, तोही आयत्या वेळी. समोरच्या देशाचा माणूस फार ताठ बसला की डबा उघडून त्याच्यापुढे सरकवायचा, अशी तुझी रीत. दाताखाली दाणा आला की माणसाला चटकन नाही म्हणता येत नाही, असं तू म्हणायचीस. मला हे कधीच पटलं नाही. पण आपल्या हातचा चिवडा कुठल्या कुठल्या देशांच्या वकिलांनी खाल्लाय, हे मी शाळेच्या स्टाफरूममध्ये सांगायला चुकत नसे.

मी आयुष्यभर गणित शिकवलं. उत्तर आलं की त्याच्याखाली दोन रेघा मारायच्या आणि वही मिटायची. त्यामुळे तू परत आलीस की मी विचारायची, काय ठरलं? तू सांगायचीस, प्रयत्न करायचं ठरलं. हे तर मागच्या खेपेलाही ठरलं होतं, असं मी म्हटलं की तू चेहरा सरळ ठेवून उत्तर द्यायचीस, “हो, पण या खेपेला जास्त जणांनी ठरवलं.” यावर मी चिडायची आणि तू माझ्या ताटातला पापड उचलायचीस.

एका वर्षी मात्र करार झाला. पेपरांत पहिल्या पानावर बातमी. मी पेढे घेऊन तुझ्या मुंबईतल्या मुक्कामी आले तर तू अशी बसलेलीस, जणू कुणी गेलंय. पेढ्यांकडे बघितलं आणि म्हणालीस, “काय गो शैला, मनोरीक येतंस?” मालवणी तू माझ्या आईकडून उचलली होतीस, आणि मन भरून आलं की तीच तुझ्या तोंडातून बाहेर पडायची. मी काही न विचारता चपला घातल्या.

मार्व्याच्या धक्क्यावरून आपण होडीत बसलो. शेजारी सुक्या बोंबलांची पाटी मांडीशी घेऊन एक कोळीण. तिने तुला न्याहाळून विचारलं, काय काम करतेस? भांडायला जाते, परदेशात, असं तू सांगितलंस. कोणाशी? सगळ्यांशी. तिने तुझ्याकडे एकदम आदराने बघितलं, जिंकतेस का म्हणून विचारलं. तू जरा विचार केलास आणि म्हणालीस, “क्वचित. पण उठून येत नाही.” तिने मान डोलावली. “बाजारान पन तसाच हाय,” ती म्हणाली. मला वाटतं तुझ्या कामाचं इतकं नेमकं कौतुक दिल्लीत कुणी केलं नसेल.

मनोरीच्या वाळूत बसून तू मला ती गोष्ट सांगितलीस. तिथे हात वर करून मतदान होत नाही. प्रत्येक देशापुढे त्याच्या नावाची पाटी असते, आणि ज्याला बोलायचंय किंवा ज्याची हरकत आहे तो ती उभी करतो. एकही पाटी उभी नसली की अध्यक्ष हातोडा वाजवतात. झालं एकमत. त्या परिषदेत सगळे थकले होते, सगळ्यांना घरी जायचं होतं. पार मागे, कोपऱ्यात, समुद्रातल्या एका इवल्याशा देशाची पाटी उभी होती. अध्यक्षांनी तिकडे नजर वळवली नाही. हातोडा वाजला. सारं सभागृह उठून टाळ्या वाजवायला लागलं.

“ती पाटी वरच होती, शैला,” तू म्हणालीस. “आणि मी टाळ्या वाजवत होते.”

मी तुझी समजूत काढायला हवी होती. ती काढायची सोडून मी वाद घातला. एकाने अडवलं म्हणून बाकीच्यांनी काय जन्मभर बसून राहायचं? तू म्हणालीस, राहायचं. मी म्हटलं, तोवर समुद्र वर येईल. तू म्हणालीस, येईल, म्हणून तर त्याला सोडून पुढे जायचं नाही, आधी त्याचंच घर बुडणार आहे. परतीच्या होडीत आपण इतक्या जोरात भांडलो की नावाड्याने वळून बघितलं. पेढ्यांचा पुडा शेवटी होडीतल्या माणसांत वाटून टाकला. कशाचे पेढे, असं कुणी विचारलं तर तू म्हणायचीस, माझ्या मैत्रिणीचा घसा बसत नाही याचे. तुझ्या त्या कळवळ्याने नाही, पण त्या उत्तराने मला तू फार आवडलीस, हे सांगायचं राहिलं.

निवृत्त झाल्यावर तू आमच्याच इमारतीत घर घेतलंस. तू नऊ नंबर, मी अकरा. मला वाटलं, आता दोघी मिळून सकाळी फिरू, संध्याकाळी शेजाऱ्यांना नावं ठेवू. झालं भलतंच. वर्षभरात लोकांनी तुला सोसायटीची सेक्रेटरी केलं. आमच्या मीटिंगा म्हणजे सगळ्यांनी एकाच वेळी बोलायचं आणि चहा आला की संपवायचं. तू नोटीस काढलीस की ज्यांना बोलायचं असेल त्यांनी आपली पाटी आणावी आणि ती उभी करूनच बोलावं. तुझ्या मनात पुठ्ठ्यावर फ्लॅटचा नंबर लिहिलेली चिठ्ठी होती. पण आमची माणसं सरळ. ती दारावरच्या पाट्याच उचकटून घेऊन आली. अध्यक्ष ठक्करभाईंची पितळी, आजोबांपासूनची सगळी नावं असलेली. तळमजल्यावरच्या सावंतवहिनींची संगमरवरी, जी उभी करायला त्यांना दोन्ही हात लागत, म्हणून त्या नेमकंच बोलत. पुढचे दोन दिवस कुरिअरवाला जिन्यात उभा राहून नावांनी हाका मारत होता. तू डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसलीस. चूक तुझीच होती, पण पद्धत टिकली. लोकांनी स्क्रू काढून हूक बसवून घेतले. हातोड्याच्या जागी आईच्या डब्याचं झाकण आलं.

मग तो विहिरीचा विषय निघाला, आणि आपलं जन्मातलं सगळ्यात लांब भांडण सुरू झालं.

इमारतीच्या मागे जुनी विहीर आहे, स्लॅब टाकून बुजवल्यासारखी केलेली. तुझं म्हणणं, स्लॅब काढू, विहीर साफ करू, जाळी बसवू, गच्चीवरचं पावसाचं पाणी तिच्यात सोडू. उन्हाळ्यात टँकर नको, आणि पावसाळ्यात तेच पाणी अंगणात तुंबून सावंतवहिनींच्या घरात शिरणार नाही. सगळ्यांना पटलं. सगळ्या पाट्या आडव्या होत्या. एकच उभी राहिली. अकरा नंबरची.

“माका मान्य नाय,” मी म्हटलं. बाकी काही बोलले नाही.

त्या स्लॅबवर पत्र्याच्या शेडखाली माझ्या नवऱ्याची, विलासची स्कूटर होती. तो जाऊन आठ वर्षं झाली होती. किक मारली तरी ती सुरू होत नव्हती. मी दर रविवारी तिच्यावरचं कापड काढून पुसायची, आरसा सरळ करायची आणि परत झाकून ठेवायची. हे सगळ्या इमारतीला माहीत होतं आणि कुणी मला त्यावरून कधी छेडलं नव्हतं. पण विहीर उघडायची तर स्कूटर हलवावी लागणार, आणि ती ठेवायला दुसरीकडे सावलीची जागा नाही. ठक्करभाई म्हणाले, “मॅडम, व्होटिंग घ्या ना. दोन मिन्टात विषय खतम.” नियमाप्रमाणे ते बरोबरही होतं. तू म्हणालीस की विहीर सगळ्यांची आहे, तर होकारही सगळ्यांचा लागेल. आणि कागदावर लिहिलंस: अकरा नंबरची हरकत, कारण नोंदवण्याची गरज नाही.

त्याच्या पुढच्या रविवारी मी खाली गेले तर तू तिथे हजर, हातात जुना गाऊन फाडून केलेलं फडकं. मला वाटलं, आता समजूत घालणार. मी भांडायच्या तयारीतच होते. तू आरसा पुसलास, मी सीट पुसली. तू विचारलंस, विलास ही घेऊन तुला आरे कॉलनीत न्यायचा ना, दूध प्यायला? मी म्हटलं, हो, आणि परत येताना पेट्रोल संपायचं. नेमानं संपायचं. तू हसलीस, फडकं झटकलंस आणि वर निघून गेलीस. विहिरीबद्दल एक अक्षर नाही. त्यानंतर तू बहुतेक रविवारी यायला लागलीस. चार वर्षं, रत्ना. मी दर मीटिंगला पाटी उभी केली, आणि दर रविवारी तू माझ्यासोबत ती स्कूटर पुसलीस.

मी तुला त्याबद्दल कधी थँक्यूसुद्धा म्हटलं नाही. उलट फडकं नीट पिळत नाहीस म्हणून बोलले.

मग माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. मी हॉस्पिटलमध्ये असतानाच मीटिंग होती. सावंतवहिनी मला भेटायला आल्या तेव्हा त्यांनी सांगितलं. ठक्करभाई म्हणाले होते, आज अकरा नंबर नाही, आज झाकण वाजवून टाका. एकही पाटी उभी नव्हती. तू झाकण डब्यावर लावून टाकलंस आणि म्हणालीस, अकरा नंबर गैरहजर आहे, विषय पुढच्या वेळी. ज्यांच्या घरात पाणी शिरतं त्या सावंतवहिनी हे मला सांगत होत्या, आणि माझ्यासाठी संत्री सोलत होत्या. मला तिथल्या तिथे पलंगाखाली जावंसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी तू आलीस तशी मी तुला फैलावर घेतलं. मूर्ख आहेस, लोकांच्या घरात पाणी शिरतंय आणि तू माझी वाट बघतेस? तू स्टुलावर आरामात बसलीस. “म्हणजे हरकत मागे घेतलीस?” मी म्हटलं, अजिबात नाही. तू इतकी हसलीस की नर्स डोकावून गेली. मनोरीची गोष्ट तेव्हा आपल्या दोघींच्या मनात होती, हे मला माहीत आहे.

आता जे तुला माहीत नाही ते सांगते. मागच्या महिन्यात, बुधवारी, मी मेकॅनिकला फोन केला. तो दुरुस्तीच्या वर्गात शिकवतो, तिथल्या पोरींना इंजिन उघडून दाखवायला अशी जुनी स्कूटर हवीच होती त्याला. शनिवारी टेम्पो घेऊन येतो म्हणाला. मी तुला सांगितलं नाही. मुद्दाम नाही सांगितलं. रविवारच्या मीटिंगला मी पाटी आडवी ठेवून बसणार होते आणि तुझा चेहरा बघणार होते. चार वर्षं तुला छळल्यावर एवढी मजा तर मला हवी होती.

गुरुवारी सकाळी तू चहाचं आधण ठेवलंस आणि खुर्चीत बसलीस, ती उठलीच नाहीस. डॉक्टर म्हणाले, त्यांना कळलंही नसेल. मला नाही पटत. तुला न कळता आजवर काही झालेलं नाही. माझा राग मात्र माझ्यावरच आहे. एका चेहऱ्याच्या मजेपायी मी तो होकार चोवीस तास पोटात ठेवला, आणि तेवढ्यात तू निघून गेलीस. हे मला आयुष्यभर बोचत राहील.

तुझ्या पुण्यानुमोदनाला त्रिशरण-पंचशील झालं. मागे बसून मीही म्हटलं, वाकोल्यापासून पाठच आहे. मग भाच्याने एक पत्र वाचून दाखवलं, त्या इवल्याशा देशाच्या माणसाचं. त्याने लिहिलं होतं की त्या परिषदेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तू त्याच्या हॉटेलात गेलीस, माफी मागितलीस, त्याची हरकत काय होती ती सगळी ऐकून घेतलीस आणि पुढच्या वर्षी त्याच्या शेजारी बसून तीच मांडलीस. शेवटी त्याने लिहिलं होतं की डब्यातला पदार्थ फार तिखट होता, पण त्याला नाही म्हणता आलं नाही. सगळे डोळे पुसत होते, आणि मी एकटी मोठ्याने हसले. चिवड्याचा तुझा सिद्धांत खरा निघाला, आणि ते मला तुझ्या माघारी कळावं, हा सरळ सरळ अन्याय आहे. आणि मनोरीला तू मला अर्धीच गोष्ट सांगितली होतीस. तुझ्या करारांनी जग किती बदललं, यावर मी अजून दोन रेघा मारणार नाही. तो वाद आपला बाकी आहे. पण तू उगाच बसून राहिलीस असं मी आता म्हणणार नाही.

त्या रविवारची मीटिंग तुझ्यासाठी पुढे ढकलली होती, ती या रविवारी झाली. स्कूटर आदल्या दिवशी गेली. टेम्पोत चढवताना मी आरसा सरळ केला, तुझं फडकं डिकीत टाकलं आणि घरी येऊन भरपूर रडले. रडून झाल्यावर भूक लागली, तेव्हा पिठलं-भात खाल्ला.

मीटिंगला मी तुझ्या खुर्चीवर तुझी पाटी आडवी ठेवली. ठक्करभाईंनी दोन मिनिटं शांतता पाळायला सांगितली, मग विषय घेतला, विहीर, आणि सवयीने माझ्याकडे बघितलं. माझी पाटी मांडीवर आडवी होती. त्यांनी पुन्हा बघितलं. सावंतवहिनींनी तोंडाला पदर लावला. “अकरा नंबर, हरकत?” ठक्करभाईंनी विचारलं. माझी हरकत नाही, असं मी सांगितलं, आणि हेही सांगितलं की ही सभा कुणाला मागे टाकून ठराव करत नाही, तेव्हा नऊ नंबरला विचारल्याशिवाय झाकण वाजणार नाही. ते कबूल झाले. मी झाकण हातात घेतलं आणि तुझ्या खुर्चीकडे वळून विचारलं, “नऊ नंबर, हरकत?”

आम्ही सगळे तुझ्या पाटीकडे बघत होतो. मी दुसऱ्यांदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं, आणि खरं सांगते, क्षणभर वाटलं की तू उभी करशील, नुसती मला छळायला.

पाटी आडवीच राहिली. मग मी झाकण वाजवलं.